सुपरहिरोंवरच्या लेखात ‘नेक्सस’ राहून गेला

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सुपरहिरोंवर पानभर लेख होता. लेख चांगला होता, चित्रं मस्त होती, आमच्या घरात सगळ्यांनी वाचला. पण शेवटी शेवटी त्यात असं म्हटलं होतं की अंतराळातल्या सुपरहिरोंच्या गोष्टी म्हणजे नुसती उडाउडी आणि लेझरची मारामारी, विचार करायला लावणारं तिथे काही नसतं, आणि हे काही चार दिवस माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून लिहायला बसलोय. पत्र लांबणार आहे, छापताना कापलंत तरी चालेल, पण तुम्ही स्वतः एकदा पूर्ण वाचा एवढीच विनंती.

मला ‘नेक्सस’ या कॉमिक मालिकेबद्दल सांगायचंय. आपल्याकडे हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं, आणि जे कॉमिक्स भरपूर वाचतात त्यांच्यातही दहातल्या आठ जणांनी ते वाचलेलं नसतं असा माझा अनुभव आहे. माइक बॅरन लेखक आणि स्टीव्ह रूड चित्रकार, दोघं अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात भेटले आणि १९८१ मध्ये त्यांनी ही मालिका सुरू केली. छापणारी कंपनी कॅपिटल कॉमिक्स, म्हणजे मुळात कॉमिक्स दुकानांना पुरवणाऱ्या वितरकांनीच काढलेली छोटी कंपनी. पहिले तीन अंक तर मॅगझिनच्या आकारात, काळेपांढरे. तिसऱ्या अंकासोबत प्लास्टिकची पातळ ग्रामोफोन रेकॉर्ड दिली होती, ती लावायची आणि ऐकत ऐकत चित्रं बघायची! एवढ्याशा कंपनीने १९८२ मध्ये हे केलं याचं मला आजही कौतुक वाटतं.

आता गोष्ट. काळ साधारण पाचशे वर्षांनंतरचा. माणसं ताऱ्याताऱ्यांवर पसरलीत, पृथ्वीच्या बाजूच्या सत्तेला ‘वेब’ म्हणतात आणि दुसरीकडे सोव्हिएत रशियाचा वारसा सांगणारं ‘सोव्ह’ साम्राज्य आहे. या सगळ्यापासून लांब आयलम नावाचा एक चंद्र आहे आणि तिथे होरेशियो हेलपॉप नावाचा तरुण राहतो. त्याला स्वप्नं पडतात. ज्यांनी हजारो, लाखो माणसं मारली अशा लोकांची स्वप्नं, आणि नुसता मारणारा दिसत नाही, मेलेली माणसं दिसतात, त्यांचं मरण त्याला अंगावर झेलावं लागतं. मग असह्य डोकं दुखायला लागतं. हे थांबवायचा उपाय एकच, उठायचं, त्या खुन्याला विश्वात कुठेही असेल तिथे जाऊन शोधायचं आणि मारून यायचं. त्यासाठी लागणारी ताकद, ताऱ्यांच्या पोटातली म्हणावी अशी ऊर्जा, त्याला देतो मर्क. हा मर्क म्हणजे आयलमच्या पोटात राहणारा एक परग्रहवासी, आणि स्वप्नं पाठवणाराही तोच!

यातला पेच लक्षात घ्या. आपले नेहमीचे सुपरहिरो अन्याय बघतात आणि मनाशी ठरवून लढायला उतरतात, तिथे टाळ्या वाजतात. होरेशियोला ती निवड करायची सोयच नाही. त्याला मारायचं नसतं, पण नाही मारलं तर वेदनेने वेड लागायची पाळी. म्हणजे तो न्यायाधीश नाही, नोकर आहे, जल्लाद आहे, आणि हे त्याला स्वतःला पक्कं माहीत आहे. ज्याला मारायचं तो खरंच राक्षस असतो, निरपराध माणसाला त्याने मारलं असं होत नाही, तरीसुद्धा प्रत्येक वेळी त्याचा हात जड होतो. कित्येकदा तो ज्याला शोधायला जातो तो आता म्हातारा झालेला असतो, शांतपणे जगत असतो, शेजाऱ्यांना त्याचा भूतकाळ माहीत नसतो. अशा माणसाला मारताना आपल्याला वाचक म्हणून आनंद होत नाही, आणि तो होऊ नये म्हणूनच बॅरनने ते तसं लिहिलंय.

मला ही मालिका कशी सापडली तेही सांगतो. ९२ सालची गोष्ट असेल, मी अकरावीत होतो, क्लास व्हीटीजवळ होता आणि क्लास सुटला की फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरची जुनी पुस्तकं चाळायची आमची सवय. तिथे एका ढिगात फर्स्ट कॉमिक्सने छापलेले ‘नेक्सस’चे दोन अंक मिळाले, एकाला कव्हर नव्हतं. पाच पाच रुपयांना घेतले. डोंबिवलीपर्यंत लोकलमध्ये उभ्याने वाचले, गोष्ट मधूनच सुरू झालेली आणि मधेच संपलेली, कोण कुणाचा कोण काही कळेना, पण झोपेतून किंचाळत उठणारा हिरो मी त्याआधी कधी बघितला नव्हता. तेव्हा इंटरनेट नव्हतं, विचारायचं कुणाला? पुढची कितीतरी वर्षं मी दर फेरीला त्या फुटपाथवर पुढचा अंक शोधला, एकही मिळाला नाही. शेवटी डार्क हॉर्स कंपनीने सगळे जुने अंक एकत्र करून जाडजूड खंड काढले तेव्हा अमेरिकेत असलेल्या मावसभावाने ते एकेक करून आणले आणि वयाची पस्तिशी ओलांडल्यावर मला कळलं की त्या कव्हर नसलेल्या अंकाच्या आधी काय झालं होतं.

आणि आधी जे झालं होतं ते वाचून मी हललोच. होरेशियोने सगळ्यात पहिल्यांदा कुणाला मारलं माहितीये? स्वतःच्या बापाला. त्याचा बाप थिओडोर हेलपॉप हा सोव्ह साम्राज्याचा लष्करी गव्हर्नर, व्राडिक नावाच्या ग्रहावर. तिथे उठाव झाला तेव्हा त्याने अख्ख्या ग्रहावरची माणसं मारून टाकली आणि बायकोला घेऊन पळाला तो थेट आयलमवर येऊन लपला. मुलगा तिथेच लहानाचा मोठा झाला, आई लवकर गेली, खेळायला कुणी नाही, फक्त त्यालाच दिसणारे दोन सवंगडी. आणि मग वयात येताना त्याला स्वप्नं पडायला लागली ती बापाने मारलेल्या माणसांची. ज्याने वाढवलं, खाऊपिऊ घातलं, ज्याच्याशिवाय त्या चंद्रावर बोलायला दुसरं माणूस नाही त्यालाच. हा भाग पुढे १९९२ मध्ये डार्क हॉर्सने ‘नेक्सस द ओरिजिन’ या वेगळ्या अंकात सलग सांगितला, त्याला पुढच्या वर्षी उत्कृष्ट एकल अंकाचा आयस्नर पुरस्कार मिळाला. कॉमिक्सच्या क्षेत्रात आयस्नरचा मान किती मोठा आहे हे तुमच्या लेखकाला नक्की माहीत असेल.

मी स्वतः बाप झाल्यानंतर तो अंक वाचला, म्हणून असेल कदाचित, पण बापाचा चेहरा त्यात ज्या पद्धतीने काढलाय तो मला विसरता येत नाही. राक्षस काढलेला नाही. थकलेला माणूस काढलाय.

लेझरच्या मारामारीबद्दल लेखात म्हटलंय म्हणून आयलमबद्दल सांगायलाच हवं. नेक्सस जिथे जिथे जाऊन हुकूमशहाला मारतो तिथली गांजलेली माणसं त्याच्या मागे यायला लागतात, आम्हाला आसरा दे म्हणतात, आणि तो नाही म्हणू शकत नाही. असायलम म्हणजे आश्रयस्थान, त्या शब्दातूनच आयलम हे नाव आलंय. बघता बघता त्या ओसाड चंद्रावर नाना जातींच्या, नाना ग्रहांवरच्या निर्वासितांची वस्ती होते. आता एवढी माणसं आली म्हणजे खायचं काय, राहायचं कुठे, भांडणं कुणी सोडवायची? नेक्ससला यातलं काही जमत नाही. त्याला मारता येतं, राज्य चालवता येत नाही. मग लोक म्हणतात आम्हाला निवडणूक पाहिजे, आणि निर्वासितांपैकीच टायरोन नावाचा माणूस पुढे अध्यक्ष होतो. तो काही संत नाही, पक्का राजकारणी आहे, पण वस्ती त्याला चालवता येते. सुपरहिरोच्या कॉमिकमध्ये रेशन, घरं, निवडणुका आणि तक्रारी पानंच्या पानं येतात आणि तरी कंटाळा येत नाही हे वाचल्याशिवाय पटणार नाही. विश्वाला वाचवून हिरो घरी गेला की पडदा पडतो, आणि नंतर त्या लोकांचं काय झालं हे मला लहानपणापासून कुणी सांगितलंच नव्हतं. इथे पहिल्यांदा कळलं.

माणसंही काय एकेक! संड्रा पील ही बातमीदार म्हणून आयलमवर येते, खरं तर ती वेबची हेर असते, आणि पुढे होरेशियोची सगळ्यात जवळची माणूस होते, पण त्याच्या मागे मागे फिरणारी नायिका ती कधीच होत नाही, तिचं तिचं डोकं आहे, तिचे तिचे निर्णय आहेत, त्याला तोंडावर चूक म्हणणारी ती आहे. डेव्ह हा थून जातीचा, दांडगा केसाळ परग्रहवासी, अतिशय शांत, होरेशियोचा जिवलग मित्र. आणि जूडा मॅकाबी हा डेव्हचा मुलगा, आडदांड, हसरा लढवय्या, याने आपलं नाव ज्यूंच्या इतिहासातल्या वीरावरून घेतलंय आणि स्वतःला ‘हॅमर’ म्हणवतो. बापलेकांची ही जोडी, एक मितभाषी आणि एक सतत गडगडणारा, होरेशियोच्या स्वतःच्या बापाच्या गोष्टीशेजारी ठेवून वाचा म्हणजे बॅरन काय करतोय ते कळेल. क्लोनझोन नावाचा एक परग्रहवासी विनोदवीरसुद्धा आहे, स्टेजवर उभा राहून लोकांना हसवायचा धंदा करणारा. काही जणांना तो आवडत नाही, मला खूप आवडतो, कारण एवढ्या काळोखात तो नसता तर श्वास घ्यायला जागाच उरली नसती.

भीतीदायक कल्पनाही आहेत. मनाच्या जोरावर वस्तू हलवू शकणाऱ्या लोकांची मुंडकी धडावेगळी करून जिवंत ठेवायची आणि त्यांच्या शक्तीवर यंत्रं, शस्त्रं चालवायची असा धंदा त्या जगात चालतो, क्लॉशियस नावाचा गुलामांचा व्यापारी त्यात मुरलेला. नेक्सस या मुंडक्यांना सोडवून आणतो आणि मग तेही आयलमचे नागरिक होतात. वाचताना अंगावर काटा येतो आणि दुसऱ्या क्षणी त्यांच्याबद्दल माया वाटायला लागते.

पण मला सगळ्यात जास्त लिहायचंय ते लूमिस बहिणींबद्दल. नेक्सस जनरल लूमिस नावाच्या एका माणसाला मारतो. तो मारण्यासारखाच होता, त्यात वाद नाही. पण त्याला तीन मुली असतात. त्यांच्यासाठी तो बाबा होता, आणि एक दिवस आकाशातून कुणीतरी आला आणि बाबांना जाळून गेला. त्या तिघी शपथ घेतात की नेक्ससला मारायचं. एकदोन अंकांत हे संपत नाही, वर्षानुवर्षं त्या मोठ्या होत जातात, शिकतात, तयारी करतात, आणि वाचक म्हणून आपण त्यांना खलनायिका म्हणायला बघतो तर जमत नाही. होरेशियोनेही बापाला मारलं आणि या मुली बापासाठी मारायला निघाल्या. कुणाच्या बाजूने उभं राहायचं? मी आज पन्नाशीला आलोय, अजून मला नक्की सांगता येत नाही. पुढे होरेशियो हे काम सोडून देतो तेव्हा मर्क ती शक्ती दुसऱ्यांना देऊन बघतो, या बहिणींच्याही हातात ती येते, आणि स्टॅन कोरिवित्स्की नावाच्या माणसाकडेही जाते, ज्याला मारताना हात जड होणं हा प्रकारच माहीत नाही. त्याला बघितल्यावर मला कळलं की होरेशियोचं ते रडणं, टाळाटाळ करणं, झोप उडणं, हीच त्याची माणुसकी होती.

तुमच्या लेखात चित्रकारांबद्दल एक ओळही नव्हती, हे मला जास्त लागलं. कॉमिक हे निम्मं चित्रकाराचं असतं, निम्म्याहून जास्तच. स्टीव्ह रूडचं काम बघितलंत तर तुम्ही माझ्याशी सहमत व्हाल. त्याची माणसं वजनदार वाटतात, जमिनीवर उभी असतात, कपड्यांना चुण्या पडतात, बायका बायकांसारख्या दिसतात, गर्दीतल्या शंभर परग्रहवासींमधला एकेक वेगळा असतो, पाठीमागच्या कोपऱ्यात उभा असलेलासुद्धा कसला तरी विचार करतोय असं वाटतं. आणि नेक्सस उडतो तेव्हा ती रेषा इतकी सोपी, इतकी मोकळी असते की बघतच राहावं. जुन्या जाहिरातींमधली चित्रकला, जुन्या पिढीतले कॉमिक चित्रकार जॅक कर्बीची ताकद आणि ॲलेक्स टॉथचा साधेपणा हे सगळं पचवून त्याने स्वतःचा हात तयार केला. १९८८ मध्ये, म्हणजे आयस्नर पुरस्कार सुरू झाले त्याच वर्षी, उत्कृष्ट चित्रकार म्हणून त्याला निवडलं ते ‘नेक्सस’साठीच. लेस डॉर्शाइडचे रंगही तेवढेच महत्त्वाचे, त्या काळातल्या इतर कॉमिक्सचे भडक रंग बघा आणि मग हे बघा. रूड सावकाश काम करायचा म्हणून मधले बरेच अंक दुसऱ्यांनी काढलेत, त्यात पॉल स्मिथ आणि माइक मिन्योला अशी मोठी नावंही आहेत, पण खरं सांगतो, रूड नसलेला अंक आला की घरातलं कर्तं माणूस गावाला गेल्यासारखं वाटतं. शेवटच्या काही अंकांत तर हे फारच जाणवतं, मालिकेचा तो भाग कमी पडतो हे मी मान्य करतो.

मग एवढं चांगलं असून हे मागे का पडलं? मला वाटतं एक कारण म्हणजे घर बदलत राहिलं. कॅपिटलने कॉमिक्स छापणं बंद केल्यावर शिकागोच्या फर्स्ट कॉमिक्सने सातव्या अंकापासून, १९८५ मध्ये, मालिका घेतली, ८० अंकांपर्यंत नेली, १९९१ मध्ये ती कंपनीही थांबली. मग डार्क हॉर्सने छोट्या छोट्या मालिका काढल्या, त्याही एकदा थांबल्या तेव्हा २००७ मध्ये रूडने स्वतःच्या पैशाने छापायला घेतलं. प्रत्येक वेळी थोडे वाचक गळाले. दुसरं कारण, नेक्सस हा त्याच्या निर्मात्यांच्या मालकीचा आहे, मार्व्हल आणि डीसी या दोन बड्या कंपन्यांपैकी कुणाचाच नाही, म्हणून त्यांच्या सिनेमात, खेळण्यांत, टीशर्टवर तो कधी येत नाही, आणि आजकाल सिनेमा आला तरच कॉमिक होतं असं लोकांना वाटतं. आणि १९८६ हे साल! त्या वर्षी सुपरहिरोंना गंभीरपणे घेणाऱ्या ‘वॉचमेन’ आणि ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ या दोन मालिका आल्या, त्यांचं जगभर नाव झालं, अभ्यासक्रमांत गेल्या, त्या थोर आहेतच, पण सुपरहिरोने माणूस मारला तर त्याच्या मनाचं काय होतं हा प्रश्न बॅरन आणि रूड त्याच्या पाच वर्षं आधीपासून विचारत होते. तेही एखादा प्रयोग म्हणून दहाबारा अंकांत नाही, महिन्यामागून महिना, प्रेम, लग्न, मुलंबाळं, राजकारण सगळं सांभाळून.

आणखी एक गोष्ट मला नेहमी आठवते. त्यांच्या कल्पनेत पाचशे वर्षांनंतरही सोव्हिएत सत्तेचा वारसा टिकून होता, आणि फर्स्टचा शेवटचा अंक निघाला त्याच १९९१ च्या डिसेंबरात खरं सोव्हिएत युनियन संपलं. म्हणून ही मालिका जुनी झाली असं कुणी म्हणेल. मला नाही वाटत. हुकूम आला म्हणून अख्खी वस्ती संपवणारे आणि मग नाव बदलून कुठेतरी निवांत म्हातारे होणारे लोक तेव्हाही होते आणि त्यांच्यापासून पळणाऱ्या माणसांच्या रांगा आजही टीव्हीवर रोज दिसतात.

दोष नाहीत असं नाही. बॅरन कधी कधी एका अंकात इतक्या गोष्टी कोंबतो की मागचं पान परत उलटावं लागतं, काही विनोद त्या काळाचेच आहेत, आणि मर्क नक्की कशासाठी हे सगळं करतो याचं उत्तर मिळेपर्यंत फार धीर धरावा लागतो.

माझी विनंती एवढीच आहे की तुमच्या पुरवणीत सिनेमांना जशी पानं मिळतात तशी महिन्यातून एकदा तरी अर्धं पान कॉमिक्सच्या पुस्तकांना द्या. मराठीत चित्रकथा वाचून मोठी झालेली पिढी आता चाळिशी पन्नाशीत आहे, तिच्याकडे वेळ आहे, थोडेफार पैसे आहेत, फक्त काय वाचावं हे सांगणारं कुणी नाही. सुरुवात ‘नेक्सस’पासून करा. कुणाला वाचायचं असेल तर डार्क हॉर्सच्या ऑम्निबस खंडांपैकी पहिला घ्या, त्यात सुरुवातीचे काळेपांढरे अंकही आहेत, रूडचा हात तिथे अजून कच्चा आहे पण ते सोडू नका, कारण पुढच्या दोनशे पानांत तो कसा पक्का होत जातो हे डोळ्यांसमोर घडताना दिसतं.

माझी मुलगी यंदा बारावीला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिने माझे खंड काढले आणि आता ती लूमिस बहिणींपर्यंत पोचली आहे. परवा जेवताना तिने विचारलं, बाबा, त्यांना कुणी आधी येऊन सांगितलं का नाही की तुमच्या वडिलांनी काय काय केलं होतं? मी म्हटलं, पुढे वाच. रात्री साडेबाराला पाणी प्यायला उठलो तर तिच्या खोलीतला दिवा चालू होता.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली